जिल्हा बासिम, काउंटी रटलंड

माझ्या कपाटात एक नक्कल आहे. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर विरलाय. बाबांनी ती १९७६च्या जूनमध्ये अकोल्याहून आणली होती. आमच्या वावराच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, चुलतघराशी वाद होता, वाशिमच्या कोर्टात केस चालू होती, आणि वकिलाने पणजोबांच्या काळचा कागद मागितला होता. मी तेव्हा बारा वर्षांची. बाबांना सही करण्यापुरतंच लिहिता यायचं, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. म्हणाले, "चाल माय, तुले वाचता येते. त्यात काय लिहेल हाय ते तं समजन."

त्या नकलेची पहिली ओळ अशी आहे: जिल्हा बासिम, तालुका बासिम.

मी ती एस.टी. स्टँडवर बसून मोठ्याने वाचली. बाबांनी विचारलं, "हा कोनता जिल्हा व?" मला सांगता आलं नाही. शाळेच्या भूगोलात आमचा जिल्हा अकोला होता. नकाशात बासिम नावाचा जिल्हाच नव्हता.

पुढे मी महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. या नोकरीत मला त्या ओळीचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी मिळत गेलं. पण ते नीट कळलं २०२३च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमधल्या एका गावी. म्हणून आज दोन्ही गोष्टी एकत्र लिहिते आहे.

आधी आपली गोष्ट. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. निजामाच्या नावाने जी कंटिन्जंट फौज ठेवली होती, तिचा खर्च वऱ्हाडच्या महसुलातून निघावा म्हणून. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. त्या कारभारात पुढे वऱ्हाडचे सहा जिल्हे झाले: अमरावती, एलिचपूर, अकोला, बुलढाणा, वणी आणि बासिम. बासिम म्हणजे आजचं वाशिम, वाकाटकांच्या काळचं वत्सगुल्म. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार करून वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं, आणि दुसऱ्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं. नागपूरला बसलेल्या सरकारला मग सहा जिल्हे जास्त वाटू लागले. १९०५ साली सहाचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत गेला. वणी जिल्ह्याचा यवतमाळ झाला. बासिम मोडला: बासिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला दिले, पुसद यवतमाळला.

माझी आजी यानंतर जन्मली, तरी ती मरेपर्यंत वाशिमला बासीमच म्हणायची. "बासीमच्या बालाजीले जाऊन येतो," असं म्हणून निघायची. आम्हाला वाटायचं, हा म्हाताऱ्या माणसाचा उच्चार. तो मोडलेल्या जिल्ह्याचा शब्द होता, हे मला फार उशिरा समजलं.

जिल्हा मोडला म्हणजे काय होतं, हे सरकारी आदेशात वाचून समजत नाही. आमच्या गावाहून वाशिम वीसेक किलोमीटर, अकोला साठ. १९७६ साली त्या साठ किलोमीटरला मेडशी, पातूर करत एस.टी. तीन तास घ्यायची. बाबांनी पहाटे बैल शेजाऱ्याच्या हवाली केले. आईने ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा ॲल्युमिनियमच्या डब्यात बांधून दिला. मृग लागलेला, आभाळ भरून आलेलं, पऱ्हाटीचं बी घरात येऊन पडलेलं. अशा दिवसात कास्तकार गाव सोडत नाही. अकोल्यात एका कचेरीत अर्ज दिला, तिकीट लावलं, अर्जनवीसाला पैसे दिले. संध्याकाळी सांगितलं की बस्ता, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, सापडला नाही, उद्या या. आम्ही रात्र एस.टी. स्टँडवर काढली. बाबा मला बाकावर झोपवून स्वतः खाली धोतराचा सोगा पसरून पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी नक्कल हातात आली.

दोन दिवस. पेरणीच्या तोंडावरचे दोन दिवस. जिल्ह्याच्या ठिकाणाचं अंतर मी आजही दिवसांत मोजते.

१ जुलै १९९८ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला. त्याच दिवशी तिकडे नंदुरबारही झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके अकोल्यातून निघाले. बाहेर फटाके वाजत होते आणि आत आमच्यापुढे कामाचा डोंगर होता. महसुली वर्ष ३१ जुलैला संपतं, म्हणजे वर्षाचा शेवटचा एकच महिना नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आला. अकरा महिन्यांची वसुली एका जिल्ह्याच्या हिशेबात, बाराव्याची दुसऱ्या. कुळाच्या रकमा जुळवता जुळवता आमच्या रात्री गेल्या. शिवाय दफ्तर यायचं होतं. ट्रकवर ताडपत्री टाकून बस्ते यायचे, कधी वरच्या थरातले कागदांचे चार रुमाल ओले झालेले असायचे. ते आम्ही पंख्याखाली, सतरंजीवर, गावनिहाय पसरून वाळवायचो. त्यातच मला पुन्हा तो शब्द दिसला. जाड, तपकिरी कागदावर मोडीतली ओळ. आमच्या जुन्या रेकॉर्ड कीपरकाकांनी बोट ठेवून वाचली: "जिल्हा बासिम." ते म्हणाले, "बाई, हे कागद घरी आले बरं का."

त्र्याण्णव वर्षांनी आले होते.

आता रटलंड.

मुलगा लेस्टरला नोकरीला आहे. त्याच्याकडे तीन महिने राहिले. तिथे बाजारात मेथीही मिळते आणि गुजराती बायांशी हिंदीत बोलताही येतं, तरी दिवस मोठा जातो. एका शनिवारी तो म्हणाला, "आई, तुला जुन्या कचेऱ्या पाहायला आवडतात, चल ओकमला." रेल्वेने अर्धा-पाऊण तास. ओकम हे रटलंड काउंटीचं मुख्य ठिकाण; काउंटी म्हणजे त्यांचा जिल्हा. अख्ख्या काउंटीत शहरं दोनच, ओकम आणि अपिंगम. क्षेत्रफळ ३८२ चौरस किलोमीटर. आपल्या वाशिम जिल्ह्याचा सरासरी एक तालुका त्याच्या दुपटीने मोठा भरतो. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या ४१ हजार. इंग्लंडच्या जुन्या काउंट्यांमध्ये ही सर्वांत लहान.

ओकमच्या किल्ल्याला किल्ला म्हणायचं, पण उभा आहे तो फक्त एक दगडी सभामंडप, बाराव्या शतकाच्या शेवटी वॉकेलिन द फेरर्स नावाच्या सरदाराने बांधलेला. आत पाय ठेवला आणि मी थांबलेच. चारी भिंतींवर घोड्याचे नाल. दोनशेच्या वर. काही माणसाच्या उंचीएवढे, रंगवलेले, वर मुकुट आणि नाव. प्रथा अशी की राजघराण्यातला किंवा उमराव घराण्यातला कोणीही पहिल्यांदा या हद्दीत आला की त्याने इथल्या जहागीरदाराला एक नाल द्यायचा. सर्वांत जुना टिकलेला नाल चौथ्या एडवर्ड राजाचा, पंधराव्या शतकातला. प्रथा अजून चालू आहे. इंग्लंडची राणीसुद्धा या एवढ्याशा मुलखात आली तर नाल देऊन जायची. आपल्याकडे उंबऱ्यावर नाल ठोकतात, तो कसा ठोकायचा यावरून घरोघरी मतं वेगळी. तिथे सगळे नाल तोंड खाली करून टांगलेले. तिथले लोक सांगतात, वर तोंड ठेवलं तर त्या खोलगट भागात सैतान बसतो.

याच मंडपात शतकानुशतकं कोर्ट भरत आलं. माझ्या दृष्टीने ती कचेरीच. माणसं आपापले तंटे घेऊन ज्या छपराखाली येत, ते छप्पर अजून शाबूत आहे.

तिथे एक वयस्कर गृहस्थ माहिती सांगायला होते, सेवा म्हणून येणारे. मुलाने त्यांना सांगितलं की आई महसूल खात्यात होती. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मग आमचं तासभर चाललं, मुलगा दुभाषी.

माझा पहिला प्रश्न: इथला जिल्हाधिकारी कुठे बसतो? उत्तर ऐकून मी चकित झाले. असा कोणी नाहीच. फार पूर्वी शेरीफ होता. राजाच्या वतीने काउंटीचा वसूल गोळा करणं, कोर्ट भरवणं, गुन्हेगार धरणं, सगळं त्याच्याकडे. म्हणजे आपला जुना कलेक्टरच. पुढे एकेक अधिकार त्याच्या हातून गेले. गावोगावचे जमीनदार मॅजिस्ट्रेट म्हणून दर तिमाहीला एकत्र बसत, आणि न्यायदानासोबत रस्ते, पूल, तुरुंग यांचा कारभारही तेच पाहत. त्यांना कोणी निवडून दिलेलं नसे. १८८८च्या कायद्याने हा कारभार त्यांच्याकडून काढला आणि १८८९पासून निवडून आलेल्या काउंटी कौन्सिल आल्या. रटलंडसारख्या इवल्याशा काउंटीलाही तिची स्वतःची कौन्सिल मिळाली. शेरीफ आजही नेमतात, दर वर्षी नवा, बिनपगारी, मानाचा. राजाचा प्रतिनिधी म्हणून लॉर्ड लेफ्टनंट असतो, तोही समारंभापुरता. आज तिथला कारभार सत्तावीस सदस्यांची कौन्सिल पाहते. शाळा, रस्ते, कचरा, वाचनालय, बांधकामाची परवानगी, सगळं एकाच दाराआड. आपल्याकडे अर्धी कामं कलेक्टर कचेरीत, अर्धी जिल्हा परिषदेत, आणि माणूस दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर. हे एक मला त्यांचं फार आवडलं.

सातबाऱ्याबद्दलही विचारलं. जमिनीची नोंद काउंटीत होत नाही, साऱ्या देशाची एकच लँड रजिस्ट्री आहे. तलाठी नाही, फेरफार नाही.

रटलंडची सुरुवातही गमतीची आहे. विल्यम राजाने १०८६ साली सगळ्या इंग्लंडची मोजणी करून डूम्सडे नावाचं दफ्तर केलं. त्यात रटलंडचा एक भाग नॉटिंगहॅमशायरच्या खाली लिहिलाय आणि दुसरा नॉर्थॅम्प्टनशायरच्या खाली. ही जमीन त्याआधीपासून राण्यांच्या चोळीबांगडीची होती, म्हणून वेगळी राहिली, आणि बाराव्या शतकात स्वतंत्र काउंटी म्हणून कागदावर आली. एवढ्या लहान मुलखाला आठशे वर्षं कोणी हात लावला नाही.

मग विसाव्या शतकात हिशेबनीस आले. १९६०च्या सुमारास आयोगाने सुचवलं की रटलंड लेस्टरशायरला जोडा. लोकांनी इतका विरोध केला की १९६३ साली सरकारने तो बेत सोडला. पण १९७२चा कायदा आला आणि १ एप्रिल १९७४ला रटलंड काउंटी संपली. ती लेस्टरशायरच्या पोटातला एक साधा तालुका झाली. १ एप्रिल ही तारीख ऐकून मला आतून हललं. मार्चएंडचा दुसरा दिवस. कारकुनाला कळतं की त्या आधीच्या रात्री कुठल्या टेबलांवर दिवे जळत असतील, कुठल्या वह्यांवर शेवटची रेघ मारली गेली असेल.

ते गृहस्थ म्हणाले, "माझी आई मरेपर्यंत पाकिटावर रटलंडच लिहायची. तिला सांगून उपयोग नव्हता."

मी मुलाला म्हटलं, यांना आजीचं सांग. बासीमचं सांग. त्याने सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "बासीम. बासीम."

त्याच वर्षांत तिथे एक मोठं धरण होत होतं, ग्वॉश नदीवर, एम्पिंगम गावाजवळ. सुरुवातीला त्याचं नावही एम्पिंगम जलाशय होतं. १९७६ साली मात्र त्याचं नाव रटलंड वॉटर ठेवलं गेलं, कारण काउंटी संपली होती आणि नाव कुठेतरी उरायला हवं होतं. आम्ही दुपारी बसने तिथे गेलो. नेदर हॅम्बलटन हे गाव पाण्यात गेलं, मिडल हॅम्बलटनही जवळजवळ सगळं. वरचं हॅम्बलटन तेवढं पाण्यात घुसलेल्या टेकाडावर उरलं. नॉर्मंटनचं चर्च बुडणार होतं, तर त्याचा खालचा अर्धा भाग दगडांनी भरून जमीन वर घेतली आणि भोवती बांध घातला. आता ते पाण्यात अर्धं रुतल्यासारखं उभं आहे. लोक फोटो काढत होते. माझ्या मावशीचंही गाव असंच धरणात गेलं. तिथलं मारुतीचं देऊळ कोणी उचलून घेतलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ओटा दिसतो आणि मावशी तिथे जाऊन तेल वाहून येते. मला त्या काठावर जास्त वेळ उभं राहवलं नाही.

तेवीस वर्षं लोकांनी नाव सोडलं नाही. शेवटी दुसऱ्या एका आयोगाने १९९४ साली रटलंडला वेगळं करायची शिफारस केली आणि १ एप्रिल १९९७ला रटलंडचा कारभार पुन्हा रटलंडकडे आला. वाशिमच्या सव्वा वर्ष आधी. कायद्याच्या चौकटीत मात्र तिला जिल्ह्याचा दर्जा मिळाला, त्यामुळे कौन्सिलचं अधिकृत नाव झालं "रटलंड काउंटी कौन्सिल डिस्ट्रिक्ट कौन्सिल". ऐकायला विचित्र, पण त्या एका नावात सगळा भांडणाचा इतिहास आहे. काउंटी हा शब्द त्यांनी हट्टाने आत बसवलाच.

हे सगळं ऐकताना मी खूश होते. मग मी माझ्या मनातला खरा प्रश्न विचारला: कागद परत आले का?

नाही. रटलंडचं जुनं दफ्तर लेस्टरशायरमधल्या विगस्टन गावी, लेस्टरशायर, लेस्टर शहर आणि रटलंड यांच्या सामाईक अभिलेखागारात आहे. काउंटी परत आली, नाल भिंतींवर आहेत, शेरीफ आहे, बस्ते शेजाऱ्याकडे. ते गृहस्थ आजोबांच्या शेताचे कागद शोधायला विगस्टनला जात असत. म्हणाले, "जाताना सँडविच बांधून नेतो. एका दिवसात काम होईलच असं नाही."

मुलाने त्याचं मराठी करायच्या आधीच मला कळलं होतं.

लहान जिल्ह्याचं सगळं चांगलंच असतं असं मी म्हणणार नाही. रटलंडची घरपट्टी इंग्लंडमधल्या सर्वांत जास्त घरपट्ट्यांपैकी आहे. थोड्या घरांवर सगळा खर्च वाटला जातो. आणि वाशिम जिल्हा होऊन वीस वर्षं झाली तेव्हा, २०१८ साली, नीती आयोगाने मागास जिल्ह्यांची जी यादी केली, आकांक्षित म्हणतात त्यांना, तिच्यात महाराष्ट्रातले चार होते: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम. पाटी बदलली म्हणून विहिरीला पाणी लागत नाही, पोराला नोकरी लागत नाही. ज्यांनी आम्हाला तसं सांगितलं त्यांनी खोटं सांगितलं. जे झालं ते एवढंच की माझ्या गावची बाई आता कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीच्या, नकलेसाठी सकाळच्या गाडीने वाशिमला जाते आणि बहुतेक वेळा गाई दुहायच्या आत घरी येते. मी हे फार मोठं मानते. ज्यांनी स्टँडवर रात्र काढली नाही त्यांना ते लहान वाटेल.

अचलपूरचे लोक, म्हणजे जुन्या एलिचपूरचे, आजही जिल्हा मागतात. पुसदवालेही मागतात. सरकारदरबारी त्यांच्याकडे कोणी आकडे घेऊन बसतं: एवढी लोकसंख्या, एवढा खर्च. इंग्लंडमध्येही डिसेंबर २०२४ला सरकारने श्वेतपत्रिका काढली, की यापुढे एकेका कौन्सिलखाली साधारण पाच लाख लोक असावेत. रटलंडमध्ये आहेत ४१ हजार. पुन्हा जोडणीची चर्चा सुरू झाली. मुलाने बातमी पाठवली तेव्हा मला आधी तो नालांचा मंडप आठवला आणि मग त्या गृहस्थांची आई. पाच लाख हा आकडा कोणी कुठल्या टेबलावर काढला असेल? त्या टेबलावरच्या माणसाने कधी ओकमहून विगस्टनपर्यंत बसने जाऊन पाहिलं असेल का?

निघताना त्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुमच्या वडिलांना शेवटी तो कागद मिळाला का?"

मिळाला, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी. परतताना पातूरच्या घाटात पाऊस लागला. एस.टी.च्या खिडकीला काच नव्हती, आणि आम्ही बसलो होतो तिथे छतही गळत होतं. बाबांनी रिकामा डबा काढला, भाकरीचे कण धोतराने पुसले, नक्कल घडी करून आत ठेवली आणि झाकण घट्ट लावून डबा माझ्या मांडीवर दिला. घरी उतरलो तेव्हा आम्ही दोघं चिंब होतो. कागद कोरडा होता, आणि त्याला ठेच्याचा वास येत होता.